आयत्या चहावर नागोबा

सकाळचा चहा सुधारा, असे मला गेल्या दोन वर्षांत अकरा जणांनी सांगितले आहे. आकडा पक्का आहे. माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर तपासायला दुसरे काही उरले नाही, म्हणून मी सल्ले मोजतो. या अकरांपैकी चौघे नात्यातले, तिघे सकाळी तळजाईवर फिरायला येणारे, एक डॉक्टर, एक डॉक्टर नसून डॉक्टरांपेक्षा जास्त औषधे सांगणारा, आणि उरलेले दोघे माझ्या मोबाइलमध्ये राहतात. सगळ्यांचे पहिले वाक्य मात्र एकच. 'सकाळचा चहा म्हणजे नुसता चहा नव्हे, ती दिवसाची सुरुवात आहे!' आता आमच्या लहानपणी 'चहाने माणूस काळा पडतो' असे सांगून मुलांना दूध पाजत. एसएससीच्या अभ्यासाला पहाटे उठायला लागलो, तेव्हा मला पहिला अधिकृत कप मिळाला. त्या दिवसापासून आजपर्यंत माझा प्रत्येक दिवस चहानेच सुरू झालेला आहे. तेव्हा ही बातमी ऐकून मी काही खुर्चीतून पडलो नाही.

खरे सांगायचे तर माझ्या चहाबद्दल माझी कधी तक्रारच नव्हती. सकाळी सव्वासहाला आतून 'झाला हं' अशी हाक येई. मी वर्तमानपत्राची घडी मोडून खुर्चीत बसलेला असे. समोर कप येई. मी पहिले पान वाचत पहिला घोट घेई, आणि पुण्यात पाणीकपात होणार असली तरी ती मला गोडच वाटे. असा चहा सुधारायचा म्हणजे काय करायचे? पण सल्ला देणाऱ्याला समोरच्याचे बरे चाललेले बघवत नाही, हा पुण्यातला फार जुना आजार आहे.

या सल्लागारांचे मी अभ्यासाअंती तीन पंथ पाडले आहेत.

पहिला पंथ उपकरणवाल्यांचा. माझा एक भाचा बंगळूरला असतो. त्याने मला वाढदिवसाला एक खोके पाठवले. त्यात पाण्याचे तपमान दाखवणारी विजेची किटली, सोनाराकडे शोभावा असा वजनकाटा, वाळूचे घड्याळ आणि दोनशे ग्रॅम दार्जिलिंगची पाने. सोबत सूचना : पाणी उकळू नये, पंच्याऐंशी अंशांवर थांबावे, पाने तीन मिनिटे भिजवावीत, दूध घालू नये, साखर तर बोलूच नये. मी हे सगळे यथासांग केले. जे तयार झाले त्याचा रंग बघून असे वाटले की, पाण्याला कोणीतरी चहाची गोष्ट सांगितली असावी.

भाच्याच्या पानांना मी नावे ठेवत नाही. ती पाने त्याच रीतीने करायची असतात. पण आपल्या घराघरांतला चहा ही वेगळी चीज आहे. १९३० च्या सुमारास आसामातल्या मळ्यांत एक यंत्र आले. दातेरी रुळांमधून पान चिरडायचे, फाडायचे आणि वळवून त्याचा दाणा करायचा, अशी ती रीत. तिला सीटीसी म्हणतात. हा दाणा पाण्यात पडला की क्षणात रंग सोडतो, आणि वर दूध, साखर, आले, वेलदोडा असा सारा गोतावळा आला तरी दबत नाही. तो उकळण्यासाठीच जन्मलेला आहे. त्याला 'उकळू नका' म्हणणे म्हणजे ढोल-ताशाच्या पथकाला 'जरा वीणेसारखे वाजवा' म्हणण्यासारखे आहे.

दुसरा पंथ आरोग्यवाल्यांचा. हे लोक चहा सुधारायचा म्हणतात आणि चहाच काढून घेतात. सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळा, मध घाला, मग एक तास थांबा, मग हिरवा चहा घ्या. तळजाईवरचे एक गृहस्थ दालचिनी, तुळस, ओवा आणि आणखी कसला तरी पाला उकळून पितात, आणि 'आता मला चहाची आठवणसुद्धा येत नाही' असे रोज न चुकता सांगतात. ज्याची आठवण येत नाही त्याचा विषय माणूस रोज कशाला काढील?

तिसरा पंथ ध्यानवाल्यांचा. मोबाइलमध्ये राहणारे माझे दोघे सल्लागार या पंथाचे आहेत. त्यांचे म्हणणे असे की, चहा घाईत पिऊ नये. कप दोन्ही तळहातांत धरावा. त्याची ऊब जाणवू द्यावी. वाफेकडे पाहावे. मनात येणारे विचार येऊ द्यावेत आणि जाऊ द्यावेत. मी एका सकाळी हेही करून पाहिले. वाफेकडे पाहत मी पाच मिनिटे स्वस्थ बसलो. विचार आले, गेले. सहाव्या मिनिटाला आमची ही आली आणि म्हणाली, "वाफेकडे बघून झालं असेल तर कप द्या. घासायला टाकायचाय."

या वाक्यात साऱ्या चहाशास्त्राचे मर्म आहे, हे मला तेव्हा कळले नाही. कळायला माणसाचे हाड मोडावे लागते. तेही आपले नव्हे. पण ते पुढे येईल.

चहाबद्दल दुसऱ्याला शिकवण्याची ही खोड जागतिक आहे. १९०३ साली इंग्रज सरकारने चहावर एक उपकर बसवला आणि त्या पैशातून आपल्या लोकांना चहा प्यायला शिकवण्याची मोहीम पुढे सुरू झाली. भित्तिपत्रके लागली, चहा कसा करावा याच्या कृती छापल्या गेल्या, प्रात्यक्षिके झाली. त्या प्रचारकांचे दुःख असे की, लोक चहा प्यायला शिकले, पण दूध जास्त, मसाला जास्त आणि पत्ती कमी! जॉर्ज ऑर्वेल नावाच्या मोठ्या इंग्रज लेखकाने १९४६ च्या जानेवारीत चहा कसा करावा यावर लेख लिहिला आणि त्यात अकरा नियम दिले. (माझे सल्लागारही अकराच. हा योगायोग मला सोडवत नाही.) गृहस्थाचा जन्म बिहारातल्या मोतीहारीचा, तरी अकरावा नियम काय, तर चहात साखर घालू नये! पुढे १९८० मध्ये चहा करण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणच ठरले : शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, आणि सहा मिनिटे मुरवणे. ते होते चव तपासणाऱ्यांसाठी. पण याच विषयावरच्या इंग्रजांच्या सहा पानी प्रमाणपत्रकाला १९९९ साली इग नोबेल हे थट्टेचे पारितोषिक मिळाले. म्हणजे जगात कुठेतरी अजून विनोदबुद्धी शिल्लक आहे.

हे सगळे मी वाचले, आणि हिशेबतपासनिसाच्या सवयीने मला एक खाते कोरे दिसले. पाणी किती, ते लिहिलेले आहे. पत्ती किती, दूध आधी की नंतर, भांडे कसले, मिनिटे किती, सारे लिहिलेले आहे. सकाळी उठून हे करायचे कोणी, याबद्दल कोणी अवाक्षर काढलेले नाही.

आम्हा पुणेकरांना याचे नवल वाटू नये. चहावरून आमच्याएवढे रणकंदन दुसऱ्या कोणी केले नसेल. गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे, पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा आहे, तिथेच. १८९० च्या ऑक्टोबरात तिथे शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली आणि मिशनऱ्यांकडून त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हा योग जुळवून आणला होता, आणि नंतर हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणण्याची कामगिरीही त्यांचीच. यादीत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले! मग काय विचारता? प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशी झाली. प्रायश्चित्ते झाली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तर आधी सनातनी रागावले होते ते राहिले बाजूला आणि सुधारक रुसले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाने घराला झालेला मनस्ताप लिहून ठेवलेला आहे.

कप कोणाच्या हातचा, यावर अख्खे शहर दोन वर्षे भांडले. त्यातून हात कोणाचे आहेत हा प्रश्न पुण्याला चांगला ठाऊक आहे, असे दिसते. फक्त तो मिशनमध्ये विचारायचा, घरात नाही. घरचा चहा कोणाच्या हातचा, कितव्यांदा केलेला, करणारीने प्यायला की नाही, यावर कधी शास्त्री बसले नाहीत की अग्रलेख झडला नाही.

आता हाडाची गोष्ट.

गेल्या जानेवारीत आमची ही मंडईतून येताना पायरीवर घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. रात्री घरी आलो, औषधे झाली, झोपलो. सकाळी मी नेहमीप्रमाणे सहाला उठलो, वर्तमानपत्र घेतले आणि खुर्चीत बसलो. सव्वासहा झाले. हाक आली नाही. सहा वीस झाले. मी जरा खोकलो. सहा पंचविसाला मी वर्तमानपत्राचा जरा मोठा आवाज केला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाचकहो, हा प्रकाश पडायला दहा मिनिटे लागली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

स्वयंपाकघरात गेलो. एक्केचाळीस वर्षे ज्या घरात... घर बदलले, सदाशिव पेठेतला वाडा जाऊन सहकारनगरात फ्लॅट आला, पण आतली मांडणी तीच. त्या मांडणीत चहाचा डबा कुठला, हे मला माहीत नव्हते. ज्या डब्यावर 'चहा' लिहिले होते त्यात मोहरी निघाली. ज्यावर 'साखर' होते त्यात रवा. चहा शेवटी बोर्नव्हिटाच्या डब्यात सापडला. दुधाची पिशवी कापायला कात्री शोधेपर्यंत आधणाचे पाणी निम्मे आटले. मी त्यात दूध ओतले, आले किसून तेही त्यातच टाकले आणि विजयी मुद्रेने उभा राहिलो. दूध नासले. दुसऱ्यांदा ठेवले, ते उतू गेले. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर, अशी ती गंगा वाहत असताना आतून आवाज आला, "गॅस बंद करा आधी!" मी आधी पुसत होतो.

तिसऱ्या खेपेला जे साधले ते गाळले. कप भरला. आणि साखरेचा चमचा हातात धरून मी थबकलो. हिला साखर किती लागते?

मला माझ्या साहेबांना किती साखर लागे ते ठाऊक होते. अर्धा चमचा. ते जाऊन बारा वर्षे झाली. ऑफिसातल्या आमच्या टेबलावरच्या सहाही जणांची साखर मला आजही पाठ आहे. हिची मात्र माहीत नव्हती. मी खोलीत गेलो आणि विचारले, "तुला कसा लागतो गं चहा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले, औषधाची गुंगी असेल. मग म्हणाली, "गरम."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणजे रागावलीही नाही; मी विचारले म्हणून तिने सांगितले, इतकेच.

मग मी आठवू लागलो. वाड्यात होतो तेव्हा पहिला कप वडिलांना, दुसरा आईला, तिसरा मला. सुरुवातीला आमचा गॅसचा नंबर लागला नव्हता, रॉकेलचा स्टोव्ह होता. पिन मारायची, पंप मारायचा, भडका शांत करायचा, मग आधण. त्यात एखादा पाहुणा. मग पोरांची शाळा, डबे. हिचा कप ओट्याच्या कोपऱ्यात बशी झाकून ठेवलेला असे. पोळ्या लाटता लाटता ती तो एका दमात पिऊन टाकी, औषध घ्यावे तसा. आणि मी? मी चारचौघांत हौसेने सांगत असे, "आमच्या हिला गारच चहा लागतो बुवा! एकेकाची आवड." आवड! वर एकदा असेही म्हणालो होतो की, गार चहा पित्ताला वाईट, ही सवय सोड.

त्या रात्री मी हिशेब केला. लग्नाला एक्केचाळीस वर्षे. वर्षाला तीनशे पासष्ट सकाळी, वर लीप वर्षांचे दहा दिवस. एकूण चौदा हजार नऊशे पंच्याहत्तर सकाळी. तिची बाळंतपणे, माहेरपण, माझे दौरे वजा केले तरी चौदा हजार कुठे जात नाहीत. या चौदा हजारांत मी उठून केलेले चहा किती? नोंद शोधली. एक सापडली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतली. आणि तो स्टोव्हही तिनेच पेटवून दिला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांत दहा-दहा पैशांची तफावत शोधून लाल शाईने खुणा केल्या. घरातली एवढी मोठी तफावत मला दिसली नाही, कारण ती माझ्या फायद्याची होती.

हे मी तळजाईवर सांगितले. सांगायला नको होते. आमच्या कंपूत एकदम वादविवाद सुरू झाला. पहिले गृहस्थ म्हणाले, "अहो, त्यांना आवडतं ते. सकाळी चहा केल्याशिवाय आमच्या हिला चैन पडत नाही." हेच मी घरी येऊन हिला विचारले. "आवडतं म्हणून नाही हो," ती म्हणाली, "तुम्ही कोणी उठत नाही म्हणून."

दुसरे म्हणाले, "बायकांना स्वयंपाकघरात आपली लुडबूड खपत नाही." यात तथ्य आहे. माझ्या पहिल्या चहानंतर शेगडी पूर्ववत व्हायला दोन दिवस लागले. पण एखाद्याला काम येत नाही म्हणून ते जन्मभर दुसऱ्याने करायचे, हा नियम आमच्या खात्यात असता तर निम्मे खाते घरी झोपून पगार खाऊ शकले असते. काही जण खात होतेच, तो भाग वेगळा.

तिसऱ्यांचे म्हणणे सर्वांत चतुर. "मी घरी त्रासच देत नाही. फिरून जाताना अमृततुल्यला घेतो." आता अमृततुल्यबद्दल वाईट बोलेल तो पुणेकर नव्हे. राजस्थानातून आलेल्या घराण्यांनी या शहराला चहा पाजला, हे उपकार पेशवाईइतकेच मोठे मानावेत. पण एकदा तिथे नीट बघा. जुन्या अमृततुल्यात चहा करणारा दुकानाच्या तोंडाशी, सगळ्यांच्या समोर, उंच बैठकीवर मांडी घालून बसलेला असतो. पितळी पातेले लखलखीत. खलात वेलदोडा कुटण्याचा ठेका. फडक्यातून चहा गाळताना धार अशी वर जाते की, बघणाऱ्याची मान आपोआप हलते. गिऱ्हाईक म्हणते, "वा शेठ!" आणि पैसे देते. घरी हेच काम भिंतीआड होते. तिथे बैठक नाही, प्रेक्षक नाहीत, आणि 'वा' तर नाहीच. तिथे आम्ही म्हणतो, "आज आलं जरा कमी पडलंय का?"

आणि आमच्या ध्यानपंथी सल्लागारांना माझे एक सांगणे आहे. तुम्ही जपान्यांच्या चहासोहळ्याचे दाखले देता ना? ते कप हातात धरणे, ती शांतता, तो एकेक क्षण? सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू या त्यांच्या मोठ्या चहागुरूने ही रीत घडवली, हेही तुम्ही सांगता. मग पुढचेही सांगा. त्या सोहळ्यात चहा करतो कोण? यजमान. स्वतः. तो स्वतः पाणी तापवतो, पाहुण्यांदेखत भांडी पुसतो, चहा घुसळतो, पुढे ठेवतो आणि शेवटी भांडी पुन्हा स्वच्छ करून आवरतो. मोठमोठे सरदार हे शिकत आणि त्याचा अभिमान बाळगत. तुम्ही त्यातली वाफ तेवढी उचलली आणि भांडी तिथेच ठेवून आलात!

तेव्हा सकाळचा चहा आनंददायक करण्याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. घरात चहा पिणारी माणसे चार आणि करणारे माणूस एक असेल, तर तीन कप कितीही उत्तम होवोत, चौथा गारच राहणार. किटली बदलून तो गरम होत नाही. पाने दार्जिलिंगची आणून होत नाही. तीन पिणाऱ्यांपैकी एकाने अंथरुणातून उठले की होतो. हा उपाय इतका स्वस्त आहे की, तो कोणी खोक्यात घालून विकत नाही. आणि इतका महाग आहे की, मी चौदा हजार सकाळी तो टाळला. ज्याला चहाबद्दल दुसऱ्याला सल्ला द्यायचा असेल त्याने आधी आठ दिवस चहा करावा, गाळण्याच्या जाळीत अडकलेला चोथा आपटून काढावा, करपलेले पातेले घासावे, आणि मग सल्ला उरलाच तर द्यावा.

हे सारे वाचून कोणी माझा सत्कार वगैरे ठरवू नये. प्लास्टर निघाल्यालाही आता बरेच महिने झाले. सकाळचा चहा माझ्याकडेच राहिला आहे, पण यात मी काही त्याग केला, असे घरात कोणीही मानत नाही. "तुमचा चहा म्हणजे कधी काढा, कधी पाणी," असे ही स्पष्ट सांगते. मी शेगडी पुसली की ती पुन्हा पुसते. मी गाळणे धुतले की उजेडात धरून बघते. हिशेब तपासणे म्हणजे काय असते, ते मला आता तपासला जाणाऱ्याच्या बाजूने कळते आहे. शिवाय माझ्या हक्काचे पहिले पान गेले. मी ओट्यापाशी असतो तेव्हा वर्तमानपत्र तिच्या हातात असते, आणि मला शेवटी मिळतात त्या जाहिर नोटिसा आणि निधनवार्ता.

तिचा कप मी आधी गाळतो आणि आधी नेतो. पहिल्या दिवशी तिने तो नेहमीसारखा एका दमात प्यायला घेतला आणि तिची जीभ भाजली. इतक्या वर्षांत गरम चहा कसा प्यायचा, याचा सरावच राहिला नव्हता. मग ती बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला लागली. आमच्या आईला बशीत पिणे अडाणीपणाचे वाटे. ही आता खुशाल फुर्र आवाज करते आणि अग्रलेख वाचते. साखर, जाता जाता सांगतो, पाऊण चमचा.

परवा मला बारावा सल्ला मिळाला. तो असा : "आलं दुधात नका टाकू, नासतं. आधी पाण्यात टाका, चांगलं खळखळू दे, मग चहा, मग साखर आणि दूध शेवटी." आधीच्या अकरा सल्ल्यांतला एकही मी मानला नाही. हा मात्र कागदावर लिहून बोर्नव्हिटाच्या डब्यावर चिकटवला आहे, कारण तो देणारी तो चहा पिणार आहे, आणि करून दमलेलीही आहे.

आज सकाळी त्याबरहुकूम चहा केला. रंग बरा आला होता. उतू गेला नाही. सव्वासहाला मी ओट्यापाशी उभा राहून घरभर ऐकू जाईल अशी हाक दिली, "झाला हं!"

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज आला. मग उत्तर आले, "इकडेच आणा."